छपराखालची बाई

३ फेब्रुवारी

होटगीच्या शाळेला पितळी घंटा कधी मिळाली नाही. गावात रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे रुळाचा हातभर तुकडा लिंबाच्या फांदीला टांगलेला असायचा आणि शिपाई त्यावर लोखंडी सळईनं ठोकायचा. ठण्ण. तो आवाज मैदानभर पसरून, थकून, पाचवीच्या खिडकीतून आत यायचा आणि त्याच्या शेपटीला धरून माझी पोरं कविता सुरू करायची. पहिली ओळ माझ्याबरोबर, दुसरी माझ्या मागून, तिसरीला निम्मा वर्ग पुढे आणि निम्मा मागे. अजूनही कुठं लोखंडावर लोखंड आपटलं की माझ्या ओठांवर पुढची ओळ येते.

आज तो आवाज आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दारात झाला. पाट्या कोरणारा शिवशरण माझी नवी पाटी ठोकत होता. अस्सल पितळ. खाली 'महेश्वर गुरुजी' आणि वर, सबंध पेठेत कुणाच्या दारावर नसेल असं एक चिनी अक्षर: 安.

हे अक्षर मला नातीनं, वैष्णवीनं दिलं. ती पुण्यात एका कंपनीत आहे आणि कंपनीसाठी जपानी शिकते. वर आहे ते छप्पर, खाली आहे ती बाई. छपराखाली बाई, म्हणजे शांती, स्वस्थता, सगळं ठीक. तीन हजार वर्षांपूर्वी चिनी लोक कासवाच्या पाठीवर आणि बैलाच्या हाडांवर देवाला विचारायचे प्रश्न कोरून ठेवत. त्या हाडांवरसुद्धा ही बाई आहे. घरात गुडघे टेकून, हात पुढे घेऊन बसलेली. एका अक्षरात सबंध कविता! आमच्या पेठेत मात्र लोक दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहितात.

शिवशरणची रसिकता पितळेइतकीच कठीण. पाटी ठोकून झाल्यावर लांब जाऊन बघत म्हणाला, "गुरुजी, मंडपात विंचू शिरल्यागत दिसतंय."

मग ही बाहेर आली. ही म्हणजे विजयमाला, माझी पत्नी. पदराला हात पुसत पाटीकडे बघत राहिली.

"माजं नाव कुटं हाय?"

"हे काय! ही तूच की. छपराखाली बसलेली."

"बसलेली?"

"गुडघे टेकून. हात जुळवून. शांत."

"मी कदी बसले?"

एवढं बोलून आत गेली. सौंदर्यावर चर्चा चालू असताना हिला नेहमी व्यवहार आठवतो.

४ फेब्रुवारी

ही सकाळी अक्कलकोटला गेली. तिथं तिची धाकटी बहीण गोजाबाई राहते. पिशवीत साड्या, औषधं आणि कापड कापायची मोठी कात्री. चार दिवसांच्या मुक्कामाला कात्री कशाला, ते मला कळलं नाही. पण बायकांच्या पिशवीत आपण डोकावू नये.

"कधी येणार?" मी विचारलं.

"दारावर माजं नाव लागलं की."

"नाव लागलंय. चिनीत!"

"मग चीनलाच च्या मागा आजपास्नं."

ही असं बोलते. राग नाही, शब्दांची काटकसर आहे.

लवकर येणार हे नक्की, कारण माझ्यासाठी डबा भरून कडक भाकऱ्या आणि बरणी भरून शेंगाचटणी ठेवून गेली आहे. कायमची जाणारी बाई कुणासाठी भाकऱ्या करत बसेल का?

आता थोडं खरं लिहितो, वही माझीच आहे. हे घर उभं राहिलं ते शाळांचे गणवेश शिवून. होटगीची, हत्तुऱ्याची, पेठेतली, किती शाळांची पोरं हिनं शिवलेल्या खाक्या चड्ड्यांवर लहानाची मोठी झाली. वरचा मजलाही शिलाईवर चढला. हे मी कधी नाकारलं नाही. परंतु विटा म्हणजे घर नव्हे. घराला घरपण देण्याचं काम कुणीतरी करावं लागतं. ते मी केलं. कसं केलं ते लगेच सांगता येणार नाही.

७ फेब्रुवारी

वैष्णवीचा फोन.

"आजोबा, पाटीचा फोटो बघितला. एक सांगू? जपानमध्ये हेच अक्षर दुकानांवर असतं. स्वस्त, या अर्थानं."

"शांतीवरून एकदम सेल?"

"मनाला त्रास न होणारा, तसा खिशालाही त्रास न होणारा. म्हणजे तुमच्या दारावर एखाद्या जपानी माणसाला वाटेल, स्वस्त महेश्वर गुरुजी."

शुक्रवार पेठेत जपानी माणूस येण्याचा धोका मी पत्करायला तयार आहे असं तिला सांगितलं. मग तिनं एक फार सुंदर गोष्ट सांगितली. चिनी अक्षरं जपानात गेली तेव्हा पुरुष मंडळी ती ताठ, डौलात लिहीत बसली. बायकांना कामं होती. त्यांच्या हातून तीच अक्षरं भराभर, गोलाकार उतरली, आणि तशा लिहिण्याला नावच पडलं बायकांचं हस्ताक्षर. लिहिता लिहिता ह्या 安 चा झाला जपान्यांचा 'अ'. मुळाक्षरांतला पहिला. छपराची वर नुसती एक काडी उरली. खालची बाई मात्र वळणं घेत अख्खी राहिली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या देशाची पोरं शाळेच्या पहिल्या दिवशी ह्या बाईपासून सुरुवात करतात!

"आजोबा, आजीला फोन केलात?"

"ती चार दिवसांत येईल. भाकऱ्या मोजूनच ठेवल्यात."

"कडक भाकऱ्या ना?"

"हो."

"आजोबा, त्या दोन-दोन महिने टिकतात हो."

ही पिढी हिशेबी आहे.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी बेल वाजली. बाहेर कॉलेजातली दोन पोरं.

"काका, हाफ नूडल्स पार्सल."

"काय?"

"बोर्ड लावलाय की चायनीजचा. मंचुरियन तरी असंल?"

मी त्यांना उंबऱ्यात उभं करून छप्पर, बाई, कासवाची पाठ, सगळं समजावलं. पोरं शांतपणे ऐकत होती. मला वर्गाची आठवण झाली. शेवटी एक म्हणाला, "म्हंजे आज बंद हाय व्हय?"

दिवसभरात एरवीही बेल वाजत होतीच. कुणाला फॉल-पिको करायचं, कुणाच्या ब्लाऊजची बाही घट्ट, कुणाला नुसतं 'काकू कवा येणार' एवढंच विचारायचं. मीटर बघायला आलेल्या माणसानंसुद्धा विचारलं, "विजयमाला काकूंचं घर ना हे?" पितळेची पाटी त्याच्या नाकासमोर, तीवर माझं नाव ठसठशीत. वाचनसंस्कृती संपली म्हणतात ते उगीच नाही.

१२ फेब्रुवारी

अक्षराचा आणखी प्रवास वैष्णवीनं लिहून पाठवला. कोरियात दोघं भेटले की 'आन्न्योंग' म्हणतात, त्यातला पहिला तुकडा म्हणजे हीच आपली बाई. स्वस्थ आहेस ना, असं विचारणं. परंतु कोरियन लोक आता रोजच्या व्यवहारात स्वतःची लिपी वापरतात. त्यामुळे छप्पर दिसत नाही, बाई दिसत नाही. फक्त आवाज तेवढा राहिला आहे. आमच्या घरी उलट. छप्पर जागेवर आहे. आवाज गेला. शिलाई मशीनच्या आवाजावर मी तक्रार करायचो की कवितेचं वृत्त मोडतं. आता वृत्त अखंड आहे आणि कविता होत नाही.

व्हिएतनाममध्ये ही 'आन' होऊन राहते आणि तिथं पोलिसाला म्हणतात 'कोंग आन'. सर्वांची शांती राखणारा. म्हणजे एकच बाई चीनमध्ये शांत, जपानात स्वस्त आणि व्हिएतनामात पोलीस. ही बाई मी कुठंतरी बघितली आहे असं सारखं वाटतं.

न राहवून चार ओळी रचल्या आणि गोजाबाईच्या फोनवर हिच्यासाठी पाठवल्या:

छपराखाली मंद दिवा तू,
उंबरठ्याची शांत सखी,
रिते रिते हे घर तुजवाचुन,
रिती माझिया करी बशी.

शेवटच्या ओळीत चहाचा उल्लेख येतो, पण तो प्रतीकात्मक आहे.

उत्तर गोजाबाईच्या आवाजात आलं. "दाजी, आक्का म्हणती, गॅसच्या डाव्या अंगाला च्याची पूड हाय, उजव्या अंगाला साखर." आणि मागं कुणीतरी खळखळून हसलं. ते हसणं हिचं होतं की काय? हिला इतकं मोठ्यानं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

१६ फेब्रुवारी

पुढाकार पुरुषानं घ्यावा, म्हणून एसटीनं अक्कलकोटला गेलो. गोजाबाईचं घर मठाकडे जाणाऱ्या गल्लीत. गोजाबाईचे मालक वारल्यापासून एकटीच असते. दारात मला बघून म्हणाली, "बर्री दाजी, बर्री! कूड्री!" या, बसा म्हणाली, आणि बसायला जागा नव्हती. खाटेवर कापडाचे गठ्ठे, खुर्चीवर कागदी कटिंगं. खिडकीपाशी मशीन, त्यावर ही. शेजारच्या चारपाच बाया हिच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या, निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत बोलणाऱ्या. ही दोन्हीकडे उत्तरं देत होती. हिला कानडी येतं?

"अगं, हे काय?"

"शिकवतीया. बसा थोडं, ही बाही लावून होऊ द्या."

थोडं म्हणता म्हणता बराच वेळ गेला. दोन बायका एका छपराखाली काढल्या की चिनीत 'भांडण' होतं, असा एक विनोद मी शिक्षकखोलीत ऐकला होता. वैष्णवी म्हणते, असं अक्षर कोशात नाहीच, लोकांनी रचलेली कथा आहे. मला आज पटलं. इथं सहा बायका होत्या आणि भांडायला एकीलाही सवड नव्हती.

बाया गेल्यावर मी विषय काढला. म्हटलं, जुन्या चिनी ग्रंथांत हेच अक्षर 'कुठे?' असं विचारायलाही वापरतात. शांती आणि शोध एकाच अक्षरात! हीच माझी अवस्था समज.

ही सुईत दोरा ओवत होती. "मी कुटं हाय ते तुमाला ठावं हाय. एसटी करून आलाच की."

"मग चल घरी."

"नाव लावा."

"अगं, नाव सगळ्यांचंच असतं. मी तुला अक्षर दिलं. हाडावर कोरलेलं!"

"हाडावर न्हाई, दारावर पायजे. मराटीत. विजयमाला. त्या घराच्या पायरीपास्नं गच्चीपतोर माजा टाका हाय. दारावर नखाएवढं नाव न्हाई माजं."

"बरं, सौ. लावतो. 'सौ. व श्री. महेश्वर'."

गोजाबाई आतून म्हणाली, "दाजी, त्यात आक्का कुटं? लग्नाच्या पत्रिकेगत आहेराची वाट बघताय व्हय?"

"तू मधे बोलू नकोस," मी म्हणालो.

"घर माजं हाय हे," ती म्हणाली. "कडंनं कशी बोलू?"

चहा झाला. साखर बरोबर होती. परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, तरी कविता सुचली नाही.

१९ फेब्रुवारी

शिवशरणकडे गेलो. म्हटलं, अक्षराच्या खाली, माझ्या नावाच्या आधी, एक छोटं 'वि.' घालता येईल का? सूचक. जाणकाराला कळेल.

"कुनाला कळंल?"

"जाणकाराला."

"काकूंना कळंल का?"

मी विषय बदलून पितळेच्या भावाकडे वळलो.

खरं लिहायचं तर, मला एक कोडं सुटत नाही. पेठेत सगळे हिचं नाव घेऊनच येतात. माझं नाव दारावर आहे आणि कुणी वाचत नाही. हिचं नाव दारावर नाही आणि सगळे वाचतात. मग हिला पाटी हवी ती नेमकी कुणी वाचावी म्हणून? घरात उरलो मी एकटा. मला तर हिचं नाव पाठ आहे.

२२ फेब्रुवारी

आज एक प्रयोग केला. वर्गात मी मुलांना कविता अंगानं करायला लावायचो. झाड म्हटलं की झाड व्हायचं, पाखरू म्हटलं की पाखरू. तेव्हा दुपारी, घरात कुणी नसताना (कुणी नसतंच), मी माजघरात छपराच्या बरोबर मध्ये गुडघे टेकले, हात पुढे जुळवले आणि तीन हजार वर्षांची शांती अंगात उतरायची वाट पाहिली.

मनात कविता म्हणत होतो. पहिल्या कडव्यापर्यंत बरं वाटलं. दुसऱ्याला डावा गुडघा बोलू लागला. तिसऱ्याला मला दिसायला लागलं, की इथून गॅस दिसतो पण हात पुरत नाही. दार ऐकू येतं पण उघडता येत नाही. आणि समोर कोण येतंय ते मान वर केल्याशिवाय कळत नाही. उठावं म्हटलं तर उठता येईना. हात जुळवून ठेवले की जमिनीला टेकायला काही उरत नाही, ही गोष्ट कोशात दिलेली नाही.

तेवढ्यात दार लोटून शेजारच्या वैजयंतीबाई आत आल्या. त्यांना शिवायला टाकलेला परकर हवा होता.

"अगंबाई! गुरुजी, पडलात का?"

"नाही. बसलोय."

"असं का बसलाय? देव तर तिकडं हाय."

"शांत बसलोय."

"ह्याला शांत म्हणत्यात?" असं म्हणून त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं. पाणी दिलं. परकर कपाटात डावीकडे दुसऱ्या कप्प्यात होता, ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. जाताना म्हणाल्या, "काकूंना बोलवून घ्या आता. लई झालं."

त्या गेल्यावर मी स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि दारावरची पाटी उतरवली. त्या बाईला, म्हणजे अक्षरातल्या, उगीच किती वेळ बसवून ठेवायचं. पाटी खाटेखाली ठेवली आहे. तिथं तरी तिला पाय पसरता येतील.

मग शिवशरणला निरोप. नवी पाटी. वर 'विजयमाला'. मोठं. खाली 'महेश्वर'. गुरुजी नको, पेन्शन चालू आहे तेवढं पुरे.

२५ फेब्रुवारी

पाटी लागली. शिवशरण या खेपेला लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, "आता वाचता येतंय." मी त्याला चहा केला. पूड डावीकडे, साखर उजवीकडे.

फोटो काढून अक्कलकोटला पाठवला आणि फोन लावला. हिनंच उचलला.

"बघितलं का?"

"बघितलं." मग फोटो मोठा करून बघितला असावा. "ला चा काना जरा वाकडा हाय."

"सरळ करून घेतो."

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. बरं दिसतंय." मग म्हणाली, "बरं केलंसा."

ह्या बाईच्या तोंडून 'बरं केलंसा' मी या आधी कधी ऐकलं होतं ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. रात्री झोप छान लागली. उद्या येईलच. माजघर झाडलं. मशीनवरची धूळ पुसली आणि पायानं एकदा चालवूनही पाहिलं. वृत्त उत्तम आहे, बारा मात्रा.

२६ फेब्रुवारी

सकाळपासून रिक्षाच्या प्रत्येक आवाजाला खिडकीत जात होतो. वैष्णवीला कळवलं, आजी आज येणार. तिनं हसरा चेहरा पाठवला, मग लगेच विचारला प्रश्न: आजी म्हणाली का तसं? ही पिढी संशयीही आहे.

चारच्या सुमाराला दार वाजलं. बेल नाही, थाप. हीच. हिला बेल आवडत नाही. मी टोपी सरळ केली, एक ओळ मनाशी जुळवली आणि दार उघडलं.

दारात गोजाबाई. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात गुंडाळलेली वाकळ, डोक्यावर कढई पालथी घातलेली, उन्हासाठी.

मी तिच्यामागं गल्लीत बघितलं. रिक्षा वळून निघून गेली होती.

"ती?"

"आक्का न्हाई येत. जागा उरली न्हाई दाजी माज्या घरात. वीस बाया येत्यात शिवाय शिकाय. माज्या खाटंवर आता कटिंगचं टेबल हाय. माज्याच दारावर पाटी लावलीया, 'विजयमाला शिवण वर्ग'. मी म्हटलं, आक्का, मी कुटं झोपू गं? तर म्हणाली, सोलापुरात माजं घर रिकामंच हाय, जा, खुशाल ऱ्हा तितं."

"तिचं घर?"

गोजाबाईनं कढई डोक्यावरून उतरवली आणि पाटीकडं बोट केलं. एक एक अक्षर सुटं करून, पहिलीतल्या पोरीसारखं वाचलं. वि. ज. य. मा. ला.

"कशी हाय ती?" मी विचारलं.

"लई सुखात हाय. तुमाला सांगाय सांगितलंय मुद्दाम. आयतवारी या म्हणली जेवाय."

मी दारात उभाच होतो. जुळवलेली ओळ दुसऱ्याच बाईसाठी होती.

"दाजी," गोजाबाई म्हणाली, "जिचं घर हाय तिनं धाडलंय मला. तुमी कुनाला इचारून वाटंत हुबं ऱ्हायलाय? धरा ही ट्रंक."